आगंतुकाची बोटभर फांदी

हात मागे घ्या आधी! कोण बोललं म्हणून इकडेतिकडे बघू नका. फाटकाच्या आत, डाव्या भिंतीवर खिळ्याला लटकलीय ना, ती मी. छाटणीची कात्री. एरवी मी गप्प असते. जिचा जन्मच कापण्यात गेला, तिनं दुसऱ्याच्या कापण्याला नावं ठेवावीत का, हा प्रश्न मला रोज छळतो. पण आता राग आवरत नाही. ऐकून घ्या, आणि माझं चुकत असेल तर सांगा.

एका लहानशा कारखान्यात मी घडले. दोन पाती, मध्ये स्प्रिंग, लाल मुठी. दुकानात माझ्यासारख्या पुष्कळ टांगलेल्या होत्या. आईनं मलाच उचललं, कारण मी तिच्या हातात नीट बसले. आई म्हणजे या बागेची मालकीण. तिच्या दोघी मुली तिला आई म्हणायच्या, म्हणून मीही. प्रत्येक झाडानंतर ती माझी पाती फडक्यानं पुसायची. "एकाचं दुखणं दुसऱ्याला नको," म्हणायची. फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर, तिरका, एका दमात काप. चिरडायचं नाही, ओढायचं नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच.

एकदा फाटकाशेजारी एक रोप आपणहून उगवलं. बी कुठून पडलं कुणास ठाऊक. उपटायला वाकलेली आई थबकली. "आलाय तर राहू दे बिचारा." तो निघाला गुलाब, वेलीसारखा चढणारा. सकाळी फूल जर्दाळूच्या रंगाचं, संध्याकाळी दुधासारखं पांढरं. असा गुलाब कुठल्याच नर्सरीत मिळाला नाही. आईनं त्याचं नाव ठेवलं आगंतुक. बघता बघता त्यानं फाटकावरची अख्खी कमान व्यापून टाकली.

आई गेली. दर रविवारी बाग लोकांसाठी उघडायची, असं थोरलीनं ठरवलं. धाकटीच्या कपाळावर आठी.

"ताई, लोक चपला घालून वाफ्यात शिरतील."

"अगं, बाग काय कपाटात घडी घालून ठेवायची असते?"

"मग सगळ्यांना चहाही दे. तेवढंच राहिलंय."

"देईन की! तू कप विसळ."

लोक आले. सुरुवातीला मी हरखले, खोटं कशाला बोलू? चांगली, शिकलेली माणसं. झाडांची नावं तोंडपाठ. फुलाला कुणी हात लावत नव्हतं, कागदाचा कपटा टाकत नव्हतं. मग हळूहळू लक्षात आलं की निघताना प्रत्येक जण कमानीखाली जरा रेंगाळतो. गप्पा चालूच, आणि एक हात वर. कुणी नखानं, कुणी किल्लीनं, कुणी नेलकटरनं. बोटभर फांदी पर्समध्ये, नाहीतर मिटलेल्या छत्रीत. खोडावर मागे लोंबते ती सोललेली साल. मी समोरच टांगलेली, धार लावलेली. कुणाला माझी आठवण झाली नाही.

थोरलीनं एका बाईंना हटकलं. "अहो, मागितली असतीत तर कात्रीनं नीट कापून दिली असती."

बाई गोड हसल्या. "मागून आणलेली जगत नाही हो. चोरून आणलेलीच मूळ धरते. आमच्या सासूबाई सांगायच्या."

"चोरी तुमची, आणि साक्षीला सासूबाई?" धाकटी कडाडली.

बाई फणकाऱ्यानं निघून गेल्या. फांदी घेऊनच.

झाडांवर प्रेम करणाऱ्या माणसांचा हा समज! बी, माती, पाणी, सगळं त्यांना कळतं, आणि इथे मात्र अक्कल गहाण. थोरलीनं माझ्याकडून फांद्या कापून घेतल्या, कुंड्यांत रुजवल्या, टेबलावर मांडल्या आणि पाटी लावली, 'हवं त्यानं न्यावं'. कुणी ढुंकून बघितलं नाही. "फुकट आहे, रोगट असणार," असं एक काका बायकोला म्हणाले, आणि त्यांचा हात कमानीकडे गेला. वैतागून धाकटीनं पाटी बदलली. 'हात लावू नये.' दुपारपर्यंत टेबल साफ! एकही कुंडी शिल्लक नाही. दोघी बहिणी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. आज ते हसू मला टोचतं. आगंतुकाची धडधाकट रोपं तेवढीच होती.

पाऊस आला आणि त्या ओरबाडलेल्या जखमांतून पाणी आत मुरलं. फांद्या टोकापासून काळ्या पडत खाली येऊ लागल्या. थोरली काळ्याच्या खाली कापायची. आतला गाभा तपकिरीच निघायचा. मग आणखी खाली. मला शंका खायची, हे काळं मीच तर पसरवत नाही ना? घाईत ती मला पुसायला विसरली असेल का? अजूनही ठामपणे सांगता येत नाही. पण पहिली जखम माझी नव्हती, एवढं नक्की.

शेवटी बुंधा उरला. धाकटी म्हणाली, "ताई, तू आत जा. मी करते."

"नको. आईचं झाड, आईची कात्री. मीच करते."

तिनं डोळे मिटून मूठ दाबली. मी मात्र सरळ कापलं. दुसरं काय करणार? त्यातला एक हिरवट तुकडा तिनं कुंडीत लावला. तोही कुजला.

आता ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, "आमचा आगंतुक आहे का हो तुमच्याकडे? बोटभर दिलात तरी चालेल." सगळे जमिनीकडे बघतात. "छे, आमच्याकडे कुठला!" गेल्या रविवारी त्याच काकांनी कौतुकानं मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. नातीच्या मागे, गच्चीभर, जर्दाळूच्या रंगाची फुलं.

"हे मागचं काय?" धाकटीनं विचारलं.

मोबाइल खिशात गेला. "ते होय? नर्सरीतून आणलंय."

मला पाय असते तर मी त्या खिशापर्यंत गेले असते.

"बस्स झालं," धाकटी म्हणाली. "फाटकाला कुलूप लावते."

"एक रविवार थांब गं. कुणीतरी आणेल."

"आणतील! आणणारी माणसं असती तर ही वेळ आली असती?"

तर तो एक रविवार म्हणजे आज. कमान उघडी आहे. नुसता लोखंडी सांगाडा. तिच्याखाली थोरलीनं कुंडी ठेवलीय, माती ओली करून. संध्याकाळी धाकटी कुलूप आणेल, आणि या वेळी थोरली तिला अडवणार नाही.

तुमच्या घरी आहे आगंतुक. मला माहीत आहे, तुमचा हात मी वर जाताना पाहिलाय. कबुली नको, माफी नको. घरी जा, बोटभर कापा, धारदार पात्यानं, तिरकी. आणि दिलेली जगत नाही असं तुमचंच म्हणणं ना? मग कुणी बघत नसताना या, कुंडीत खोचा आणि पळा. चोरूनच आणा. म्हणजे मूळ धरेल.