एकच तात

पंजाबराव गुरुजी आमच्या अमडापूरच्या शाळेत गाणं शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात. यांनी दोन हजार वर्षांपूर्वीची वीणा करायला घेतली. त्यांच्याकडे एका जुन्या शिल्पाचा फोटो होता. त्यात एक बाई बसलेली आणि तिच्या मांडीवर धनुष्यासारखी वाकलेली, सात तारांची वीणा. ती कशी वाजायची हे आज कुणालाच ठाऊक नाही. गुरुजींना तेच ऐकायचं होतं.

माझे अब्बा, अब्दुल गनी, पिढीजात पिंजारी, धनुष्यासारख्या पिंजणानं दारोदार गाद्या-उशांचा कापूस पिंजणारे. त्यांनी फोटो पाहिला आणि निकालच दिला.

"गुरुजी, हे तं पिंजन हाय! बाई कापूस पिंजून राह्यली."

"अब्दुलभाई, मांडीवर घेऊन कोनी कापूस पिंजते काय?"

"थकली असंन बिचारी. बसली."

उभा उन्हाळा ही हुज्जत चालली, आणि चहा रोज आमच्या घरचा.

गुरुजींनी दांड्यासाठी बाभळीची वाकडी फांदी शोधली, लाकूड कोरून वीणेचं पोट केलं, त्यावर बकऱ्याचं कातडं मढवलं. फोटोतली बाई केवढी याचा अंदाज न आल्यामुळे वीणा छातीएवढी उंच झाली. घोडं अडलं तारांपाशी. लोखंडी तार त्यांना चालेना. त्या काळी आतड्याची तात असायची म्हणे. आणि तशी तात आता आमच्याच घरी होती, एकुलती एक, अब्बांच्या पिंजणाची.

पिंजण केव्हाच वाळवीनं खाल्लं होतं. गाद्यांचा कापूस मशीनवर जायला लागला तेव्हापासून अब्बांना कुणी हाक मारली नव्हती. पण तात त्यांनी तेल लावून जपली. नवं पिंजण करीन, एकदा तो आवाज ऐकीन, मग खुशाल मरीन, असं ते दर ईदला म्हणायचे. कान तर अधू व्हायला लागलेच होते.

गुरुजींनी ती तात मागितली आणि माझं डोकं फिरलं. सात तारा म्हणजे सात तुकडे.

"गुरुजी, त्या दगडाच्या बाईसाठी जित्या मानसाची तात कापता काय?"

अब्बाच म्हणाले, "दे राबिया त्याईले. मी नवं पिंजन कवा करनार? त्याईची वीना तं तयार हाय."

मी तात दिली, पण चहा दिला नाही.

गुरुजी ओट्यावर वीणा घेऊन बसले. कात्री उघडली, आणि तशीच धरून राहिले. मग म्हणाले, "अब्दुलभाई, कापाच्या आंधी एकदा आखी वाजवून पाहा."

अब्बांनी तात दांड्याच्या टोकापासून पोटापर्यंत ताणून बांधली, उरलेली दांड्याला गुंडाळली. गुरुजींनी हळूच बोटानं छेडली.

"वाजली काय?" अब्बांनी विचारलं.

ते ऐकून माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. पिंजणाची तात बोटानं नाही, लाकडाच्या ठोक्यानं वाजते; मी धावत जाऊन लाटणं आणलं. अब्बांनी ते उचललं आणि तातीवर ठोका दिला.

कातडं असं घुमलं की समोरचं कुत्रं उठून उभं राहिलं. अब्बांनी डोळे मिटले. पुन्हा ठोका, पुन्हा. त्यांचा चेहरा इतका सुंदर मी कधी पाहिला नव्हता.

"तवाची वीना अशीच वाजत असंन काय हो?" गुरुजींनी विचारलं.

"चुकलं म्हनून सांगाले कोन उठून येनार हाय?"

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली. "अब्दुल! थांब रे, जाऊ नोको! आली मी!"

ऐंशी ओलांडलेल्या झुंबरबाई काठी टेकत येत होत्या आणि काखेत कापसाचे गोळे झालेली उशी होती. पिंजारी दारावर आला असं त्यांना वाटलं होतं.

मी गुरुजींकडे पाहिलं. एवढ्या खटपटीची ती वीणा, आणि तिला गिऱ्हाईक आलं उशी घेऊन! गुरुजींनी कात्री उचलली आणि मुकाट्यानं उशीची शिवण उसवायला घेतली.

अब्बांनी वीणा आडवी धरून कापसावर आणली आणि ठोका दिला. कापूस उडाला. गुरुजींच्या मिशांवर बसला, माझ्या ओढणीवर बसला. मी हसता हसता रडायला लागले.

"एवढे वर्सं कुठी गेला होता रे तू?" झुंबरबाईंनी अब्बांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"इथंच होतो, बाई," अब्बा म्हणाले. "आवाज नोता फक्त."