चिंचेचा दावा

“बाबूजी, जरा इकडे येता का?”

भिंतीपलीकडून देवसिंगचा आवाज आला आणि यज्ञेश्वरांनी हातातली कपबशी खाली ठेवली. पाच महिने हा माणूस त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

“जा नं,” त्यांची बायको मंजुषा म्हणाली. “किती दिवस तोंड लपवणार आहात?”

यज्ञेश्वरांनी दारव्ह्याच्या कोर्टात तेहतीस वर्षं कारकुनी केली होती. त्यांच्या अंगणातल्या चिंचेची पोखरलेली फांदी देवसिंगच्या अंगणावर झुकली होती. ती तोडा म्हणून देवसिंग आणि त्याच्या बायकोनं सहा वर्षांपूर्वी दावा लावला. तांड्यावरून कालपरवा राहायला आलेला माणूस आपल्याला कोर्ट दाखवतो, याचाच यज्ञेश्वरांना राग आला. फांदी धोक्याची आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण कधी नकाशा जोडलेला नाही, कधी वकील आजारी, असं करत त्यांनी तारखा लांबवल्या आणि वर आपल्या हुशारीवर खूश होत राहिले. जूनच्या वादळात देवसिंगची बायको दोरीवरचे कपडे काढायला धावली, आणि फांदी तिच्यावर पडली.

पुढच्या तारखेला देवसिंग गेलाच नाही. दावा खारीज झाला, म्हणजे यज्ञेश्वर जिंकले. तिची तेरवी व्हायच्या आत त्यांनी माणसं लावून झाड बुंध्यापासून काढून टाकलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तरी रोज दुपारी, वारा असो नसो, फांदी मोडल्याचा आवाज त्यांना येतोच. मंजुषाला येत नाही. आवाज आला की ते खिडकीशी जाऊन पलीकडच्या दोरीवर कपडे आहेत का, ते बघतात.

देवसिंगच्या अंगणात निखारे फुलले होते. त्याच्या बंजारा समाजात दिवाळीच्या दिवशी घरातल्या वारलेल्या माणसांची नावं घेऊन निखाऱ्यांवर तूप-लापशी वाहतात. मुलगी उज्ज्वला ताटली घेऊन बसली होती.

“बसा,” देवसिंग म्हणाला. “तुमीबी घास टाका.”

“मी कसा टाकू, देवसिंग?”

“काहून? तारखेले एकाच आटोत जात होतो नं आपन. तिनं बांधून आनलेली भाकर तुमीबी खाल्ली.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर यज्ञेश्वरांना सोपं गेलं असतं. “नाव घ्या तिचं अन् टाका. नाहीतं उपाशीच जाईन बिचारी.”

यज्ञेश्वरांनी घास उचलला, तोंड उघडलं, पण नाव येईना. सहा वर्षं प्रत्येक कागदावर त्यांनी त्या बाईला एकाच नावानं लिहिलं होतं. जिभेवर तेवढंच येत होतं: वादी क्रमांक दोन.

घास बोटांतच गार झाला.

“हंसाबाई,” उज्ज्वला हळूच म्हणाली. “हंसाबाई म्हना, काका.”