तीच काच पुन्हा

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना वीस वर्षांच्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली होती: माणसं डोळे तपासायला येतात आणि खुर्चीत बसून बेलाशक खोटं बोलतात. वाईट हेतूनं नव्हे. समोरची बाई इतक्या मायेनं काच घालून विचारतेय, तिला नाही कसं म्हणायचं, एवढंच. त्यावर बाईंचे दोन नियम होते. "हे बरं दिसतंय ना?" असं चुकूनही विचारायचं नाही, नुसतं "एक की दोन?" म्हणायचं. आणि माणूस फारच गोड वागायला लागला, तर काच बदलल्यासारखं करून तीच पुन्हा घालायची. "वा, आता किती स्पष्ट!" असं तो म्हणाला की मागची सगळी उत्तरं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची.

हे सगळं शहाणपण बाई दुकानाला कुलूप लावताना आतच ठेवून घरी येत असाव्यात.

कारण घरी तीन आठवडे एकच विषय चालला होता. त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, जिला लहानपणी पेन्सिलींचे तुकडे साठवायच्या सवयीवरून खारू हे नाव पडलं ते कायमचंच, दोन विद्यापीठांत फायनान्सच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. एक मोठं, नावाजलेलं. दुसरं लहान, ज्याचं नाव सांगितल्यावर लोक "कुठलं?" म्हणून पुन्हा विचारत; पण तिथे तिसरं वर्ष सबंध एखाद्या कंपनीत काम करण्यात जायचं. दोन्ही घरापासून सारखीच लांब, दोन्हींचा खर्चही उन्नीस-बीस. उत्तर कळवायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती, आणि एकीकडे हो म्हटलं की दुसरी जागा गेलीच.

खारूचे बाबा शहरबसच्या कचेरीत वेळापत्रकं बनवायचे. रकाने आखल्याशिवाय त्यांना सर्दीसुद्धा व्हायची नाही. त्यांनी फ्रिजच्या दारावर दोन्ही विद्यापीठांचं गुणपत्रक लावलं होतं: शिक्षक, वाचनालय, वसतिगृह, नोकऱ्या, अशा अकरा ओळी आणि प्रत्येकीला दहापैकी गुण. मोठं सात गुणांनी पुढे होतं. मग काय विचारता, काकाला फोन झाला, शेजाऱ्यांना सांगून झालं, कचेरीतल्या शिपायापर्यंत बातमी पोचली. आणि बाई? बाई रोज भाजी चिरता चिरता विचारत, "मोठंच ना गं?" खारू म्हणे, "हो." पानातलं अर्धं तसंच टाकून उठे.

आज दुपारी बाराच्या सुमारास ती दुकानात येऊन उभी राहिली.

"आई, डोकं ठणकतंय. नंबर वाढलाय बहुतेक. बघ ना."

गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवली. समोर अक्षरांचा तक्ता उजळला.

"एक की दोन?"

"दोन."

"आता? एक की दोन?"

"अं... दोनच. तुला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यानं तुला दिसणार आहे का?"

खारू कसनुसं हसली. बाईंच्या मनात काहीतरी खटकलं. त्यांनी काच काढली, डबीत ठेवल्याचा आवाज केला आणि तीच काच पुन्हा बसवली.

"आता बघ."

"हां, आता एकदम स्पष्ट! मस्त."

बाई हात तसाच फ्रेमला लावून उभ्या राहिल्या. परका माणूस असता तर त्या मनातल्या मनात हसल्या असत्या. पण ही त्यांची पोटची पोर होती, आणि ती आईला बरं वाटावं म्हणून न दिसलेलं दिसलं म्हणत होती. आपण तीन आठवडे तिला काय विचारत आलो, ते त्यांना तिथे त्या अंधारात, शब्दन् शब्द ऐकू आलं. मोठंच ना गं? मोठंच ना? ज्या प्रश्नाला दुकानात बंदी, तोच प्रश्न त्यांनी घरात रोज दोन वेळा वाढला होता.

"तीच काच होती," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बदललीच नव्हती मी. तुझा नंबरही वाढलेला नाही." त्यांनी फ्रेम काढून बाजूला ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसल्या. "आता मी नीट विचारते. तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं तसं. एक की दोन?"

खारूचे डोळे भरून आले आणि ती एका दमात बोलत सुटली. "आई, मोठ्या विद्यापीठात पाहणीच्या दिवशी पाचशे मुलांच्या सभागृहात बसले होते आणि छतावरचे दिवे मोजत होते. लहान ठिकाणी मॅडमनी आम्हाला एका बेकरीचे कागद दिले. रोज सगळा माल संपतो, तरी बेकरी बंद पडायला आलीय, का ते शोधा म्हणाल्या. तीन तास कुठे गेले कळलंच नाही. मलाच सापडलं, अगं! माल उधारीवर विकत होते, मोठी हॉटेलं चार-चार महिने पैसे थकवत होती, आणि पिठाचे मात्र रोज मोजावे लागत होते. मॅडम म्हणाल्या, तिसऱ्या वर्षी असंच खरंखुरं काम करशील."

"मग बोलली का नाहीस, खारू?"

"बाबांनी किती हौसेनं ते गुणपत्रक केलंय. काकालाही सांगून बसलेत. आणि तू रोज..." तिनं वाक्य अर्धंच सोडलं.

"मी रोज," बाईंनी ते पुरं केलं. "माझं चुकलं. चूक अशी, की दुकानात कुणी केली असती तर मी त्याला कामावरून काढलं असतं."

लेक रडता रडता हसली. बाईंनी दुकानाच्या दाराला "थोड्या वेळात येते" अशी पाटी लावली, आणि दोघी बाबांच्या कचेरीकडे निघाल्या.

बाबा भिंतभर लावलेल्या वेळापत्रकांखाली बसले होते. टेबलावर जेवणाचा डबा न उघडता तसाच होता. मायलेकींना भरदुपारी एकत्र पाहून ते ताडकन उठले.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"अहो, बसा आधी. कुणाला काही झालेलं नाही. हिला काहीतरी सांगायचंय."

खारूनं सांगितलं. जमिनीकडे बघत, पण न थांबता सांगितलं. बाबांचा चेहरा काही क्षण उतरला, ते लपवायला त्यांना जमलं नाही. मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. फ्रिजवरच्या गुणपत्रकाचाच तो पहिला, कच्चा खर्डा होता. त्यात अकरा नाही, बारा ओळी होत्या. बारावी आडव्या रेघेनं खोडलेली होती.

खारूनं वाकून वाचलं. "माझ्याबरोबर पाहून येताना किती बोलली: मोठं, चार मिनिटं. लहान, बसमध्ये सगळा वेळ, शिवाय थांब्यापासून घराच्या दारापर्यंत."

"बाबा, तुम्ही हे मोजलंत?"

"सवय गं. गाडी कुठे किती थांबते ते बघायची." बाबांनी चष्मा काढून पुसला. "पण याला गुण किती द्यायचे कळेना, म्हणून खोडली. आणि मग तू रोज मोठंच म्हणत होतीस. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. सकाळपासून घास उतरत नव्हता बघ. आज सहाला तू हो म्हणणार, आणि मला आपलं ती बेकरीच आठवतेय."

"मग बोलायचं तरी!" बाई कडाडल्या.

"तू बोलू देत होतीस का? मोठंच ना, मोठंच ना!"

बाईंनी जीभ चावली. पण खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यात पडला होता, इतका की नवऱ्याचं बोलणं त्यांना चक्क गोड लागलं.

"काकाला काय सांगायचं ते मात्र तुम्ही बघा," बाबा पुटपुटले. "तो आता महिनाभर मला सोडायचा नाही."

खारूनं फोन काढला. दोन्ही नावं एकाखाली एक उघडली होती, मोठं वर, लहान खाली. बाईंच्या ओठांवर सवयीनं "हेच ना?" आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"एक की..."

"दोन!" खारू म्हणाली, आणि तिनं बटण दाबूनही टाकलं.

मग तिनं बाबांचा डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि उभ्या उभ्याच खायला सुरुवात केली. बाबा डब्याचा तळ दिसेपर्यंत नुसते बघत राहिले, आणि सकाळपासून ते स्वतःही उपाशी आहेत याची आठवण करून द्यायचं कुणालाच सुचलं नाही.