भरीव टायर

“आत लादीवर हे झकास चालतील, बाई. पर बाहेर खडी हाय. भरीव रबर खडीवर लय आदळतं. हवेचेच मागवा.”

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या महमूदभाईंनी हे सांगितलं, तेव्हा शांतीचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. चौसष्ट सालचा ऑगस्ट. पनवेलजवळच्या रंगाच्या कारखान्यात ती खरेदी बघायची, ऑफिसात बी.ए. झालेली ती एकटीच बाई. नवरा नोकरीसाठी भिलाईला. सात महिन्यांची शकू शेजारच्या गोदूमावशींकडे, आणि सकाळी निघताना पोरीचं अंग कोमट लागलं होतं. सव्वापाचची बस चुकली की पुढची तासाभराने.

“अहो, पण दर आठवड्याला पंक्चर! गाडी उभी राहिली की साहेब माझ्यावर डाफरतात.”

“आवारात खोक्यांचे खिळे पडतात, ते झाडून घ्या ना. टायर बदलता येतो, बाई. आमचा मणका बदलून द्याल काय?”

“तुमचं आपलं काहीतरीच!” ती हसली आणि मागणीपत्रावर लिहून मोकळी झाली : भरीव, चार. खाली सही. बस मिळाली. शकूला ताप नव्हताच.

टायर बसले, पंक्चरं थांबली, साहेबांनी शाबासकीही दिली. शांतीच्या खिडकीतून आवार दिसायचं. महमूदभाई रंगाची पिंपं उचलून गोदामापासून फाटकापर्यंत नेत. खडीवर आले की मानेपासून हलत. पंधरवड्यात सीटवर गोणपाटाची एक घडी आली. दसऱ्याला दुसरी. दिवाळी झाली तेव्हा तिसरी.

“काय नवाब, गाद्यांवर गाद्या?” गोदामातले दाजी ओरडले.

“बाईंची मेहेरबानी!” महमूदभाईंनी खिडकीकडे बघत सलाम ठोकला. हसून. त्या हसण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं, असं शांतीला वाटलं.

ती साहेबांकडे गेली. “हवेचे टायर मागवू या, साहेब. माझं चुकलं.”

“आहेत ते झिजले?”

“नाही. पण माणूस...”

“मग झिजू द्या. सही तुमचीच आहे ना?”

ती आपल्या टेबलाशी परत आली. तेवढ्यावर परत आली, हे तिला अजून डाचतं.

जानेवारीत एका दुपारी फोर्कलिफ्ट आवाराच्या मधोमध थांबली. इंजिन चालूच, महमूदभाई उतरेनात. दाजींनी आणि एका हमालाने बखोटीला धरून त्यांना खाली घेतलं. शांती धावत आली. घामाने थबथबलेल्या त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पोरगी कशी हाय, बाई? उभी राहते काय?”

शकू त्याच आठवड्यात भिंत धरून उभी राहिली होती. शांतीला ते सांगवेना.

ते परत कामावर आले नाहीत. बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. आपटा गावी बहिणीकडे, आसियाबीकडे गेले, घर नदीच्या अंगाला, एवढंच दाजींना ठाऊक. नवा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी साहेबांना म्हणाला, “खडीवर ही गाडी मी नाय चालवणार.” आठवड्यात हवेचे टायर आले.

सीटवरची गोणपाटं शांतीने घरी नेली. दाबली जाऊन ती पुठ्ठ्यासारखी झाली होती. गोदूमावशी म्हणाल्या, “पायपुसणं कर गो त्यांचं.” तिने ती कपाटावर ठेवली. भिलाईला दर आठवड्याला पत्र जातं. त्यात शकूचे दात असतात, पावसापाण्याचं असतं, हे नसतं.

आपट्यालाही तिने पत्र टाकलं. उत्तर नाही. दोनदा शकूला कडेवर घेऊन ती एसटी स्टँडवर गेली. आपट्याची गाडी लागली, भरली, सुटली. दोन्ही वेळा शांती खालीच उभी.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणी आपट्याला जाणार असाल, तर नदीच्या अंगाला आसियाबीचं घर विचारा. महमूदभाई ओट्यावर बसलेले असतील. तिचं नाव काढू नका. थोडा वेळ थांबा, आणि ते आपले आपण उठतात का, तेवढं बघून या.