तलावावर नेलेला गरुड

मी एक जुना सागवानी गरुड आहे. मित्रांनो, देवळातला नव्हे. हिशेब तपासणाऱ्या साहेबलोकांच्या संस्थेचं बोधचिन्ह असतं, त्याची मी लाकडी नक्कल. आरमोरीच्या लटारू सुताराने मला कोरलं. ब्रह्मपुरीचे हिशेब तपासनीस धनराज साहेब यांनी त्याला अर्थ समजावला होता. पंख कशासाठी, तर उंचावरून सगळं दिसावं म्हणून. डोळे बारीक चूकही सुटू नये म्हणून. आणि खालची संस्कृत ओळ सांगते, की सगळे झोपले तरी हा जागा असतो. लटारूने ते इतकं मनावर घेतलं की नुसते डोळे कोरायला चार दिवस लावले.

साहेबांनी मला कचेरीत खुर्चीमागे टांगलं. येणारा-जाणारा वाखाणायचा. साहेब प्रत्येकाला माझा अर्थ सांगायचे आणि सांगता सांगता सह्या ठोकायचे. न वाचता! दहा वर्षं हे पाहून माझा नुसता संताप व्हायचा.

१९९८ साली एका गावच्या ढिवरांच्या मच्छिमार सोसायटीचे कागद आले. तलावात लाखभर मत्स्यबीज सोडलं, असं सचिव बापूरावने लिहिलं होतं. सोडलं चिमूटभरही नव्हतं, पैसे त्याने खाल्ले. साहेबांनी चहा पीत सही केली. झालं! कागदावर मासे भरपूर, म्हणून तलावाच्या ठेक्यापोटी सरकारला द्यायची रक्कम माफ होईना. तलावात मासे नाहीत, म्हणून ती भरता येईना. एकतीस घरांच्या हातून तलाव जायची वेळ आली.

सोसायटीच्या अध्यक्ष बायनाबाई जीपने कचेरीत आल्या.

“साहेब, तलावात बी सोडलंच नाई जी. एकडाव येऊन पाहून घ्या न.”

“बाई, कागद बरोबर आहेत. तलावाशी मला काय करायचंय?”

“हे पाखरू कायचं होय?”

साहेबांनी सवयीने सगळा अर्थ सांगितला. पंख, डोळे, जागं राहणं.

“जागं हाये न? मंग यालेच नेतो. सही तुमची, नजर याची.”

त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं आणि काखेत मारलं. साहेब ओरडत राहिले, पण खुर्चीवरून उठले नाहीत.

मला तलावाच्या पाळीवर उभं केलं. जाळं ओढलं. इथला रिवाज असा, की मासोळीचे सारखे वाटे घालायचे आणि जाणत्या बाईने त्यांच्याकडे पाठ करून एकेका वाट्यासाठी एकेकाचं नाव घ्यायचं. म्हणजे कोणाची बाजू घेतली असं होत नाही. बायनाबाई पाठ करून उभ्या राहिल्या, नावं घेत गेल्या. मागे नुसती ओली माती होती, वाटा एकही नव्हता. एकतिसाव्या नावापर्यंत त्यांना कोणी थांबवलं नाही.

तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला. बापूराव सुटला, त्याच्याजवळ सही होती ना! साहेबांनी आठवड्यात नागपूरहून प्लास्टिकचा गरुड आणला आणि त्याचाही अर्थ सांगायला लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या आपली कहाणी सांगणाऱ्या बहुतेक वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. वाळवी लागली तरी चालेल. पण तुमच्यापैकी कोणी मोठेपणी सह्यांच्या खुर्चीत बसलं, तर आधी उठा, तलावावर जा, पाण्यात हात घाला. ते जमत नसेल तर भिंतीवर मला टांगू नका. मला तिथे लाज वाटते.