चक्क्यासाठी फ्रिज

माझ्या नवऱ्याने मला पसंत करताना एवढा वेळ घेतला नव्हता. आमचा कार्यक्रम चहा-पोह्यांत आटोपला होता. इथे मात्र मआमीर या कारखान्यांच्या वस्तीतल्या त्या जुन्या सामानाच्या दुकानात शिरीष एकेक फ्रिज उघडत होता, आत डोकं घालत होता, फळ्या काढून जमिनीवर मांडत होता आणि टेपने उंची मोजत होता. दारातले कप्पे जास्त खोल असले की नाक मुरडायचा. आत तळाशी कॉम्प्रेसरचा उंचवटा मोठा असला की दार लावून पुढच्याकडे वळायचा. मी पर्स छातीशी धरून त्याच्या मागे मागे फिरत होते.

शिरीष घरी बिअर करतो. बहारीनमध्ये आमच्यासारख्यांना बाटली विकत मिळते, त्यासाठी ठरलेली दुकानं आहेत. पण घरात गाळायची परवानगी नाही, आणि पकडलं गेलं तर काय होतं हे आम्ही कुणालाच कधी विचारलेलं नाही. हिद्दच्या एका कारखान्यात तो प्रोसेस इंजिनिअर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या टाक्यांचं तापमान सांभाळून त्याचं पोट भरत नाही, म्हणून घरी येऊन स्वतःच्या पिंपाचं सांभाळतो. हिवाळ्यात त्याची बिअर बरी झाली. मग हवा तापली, स्टोअररूममधलं पिंप बिघडलं आणि सगळ्या घराला सडक्या केळ्यांचा वास यायला लागला. ती बिअर त्याने बाथरूममध्ये ओतली तेव्हा सावनी नाक दाबून म्हणाली, "मम्मा, इट्स डिस्गस्टिंग." मी तिला रागावले, पण मुलगी खरं तेच बोलत होती.

त्यावर शिरीषने शोधलेला उपाय म्हणजे जुना फ्रिज. पिंप आत मावेल असा उंच, एका दाराचा, साधा. त्याला बाहेरून एक यंत्र जोडायचं, म्हणजे आत फार थंडही होत नाही आणि गरमही. नवा घेण्यात अर्थ नव्हता, कारण तो त्याची वायर कापणार होता.

मी हो म्हटलं, कारण आम्ही जूनमध्ये जाणार होतो. हे आमचं ठरलेलं होतं. सावनीची बारावी झाली की गाशा गुंडाळायचा आणि पुण्याला जायचं. राजस आधीच तिथे होस्टेलवर आहे. बारावी नुकतीच आटोपली होती. मी दातांची डॉक्टर आहे, म्हणजे होते. इथे आल्यापासून माझ्या ओळखपत्रावर मी शिरीषची बायको आहे, एवढंच. इथल्या लायसन्सची परीक्षा पहिल्या वर्षी सावनी लहान म्हणून राहिली, मग शिरीषच्या शिफ्ट म्हणून, मग आता काय थोडेच दिवस उरलेत म्हणून. पुण्यात माझी कॉलेजची मैत्रीण सबा हिचा दवाखाना आहे. तिने माझ्यासाठी दुसरी खुर्ची बसवून घेतली, त्या खुर्चीचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं, ये लवकर, पेशंट थांबलेत. तो फोटो मी दिवसातून कितीदा तरी बघत होते. लग्न ठरलेली मुलगी बघते तसा, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

तेव्हा जाता जाता नवऱ्याची एक हौस पुरवावी, असा उदार विचार मी केला होता. दोन महिने वापरू आणि जाताना विकून टाकू, असं तोच म्हणाला होता.

दुकानाचे मालक कमालभाई. रत्नागिरीकडचे, दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज मऊ. आमचं मराठी कानावर पडताच त्यांनी आधीच्या गिऱ्हाइकाला "खलास, खलास" करून वाटेला लावलं आणि आमच्यासाठी चहा सांगितला. शिरीषच्या खटपटी ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी सरळ विचारलं की साहेब, फ्रिजमधल्या फळ्या तुम्हाला नको, बर्फाचा कप्पा नको, गार किती होतो तेही तुम्ही विचारत नाही, मग यात ठेवणार काय?

हातात तसबीह, म्हणजे जपाची माळ, फिरवणाऱ्या त्या माणसासमोर बिअर म्हणायची सोय नव्हती. शिरीष क्षणभर गडबडला आणि म्हणाला, "चक्का. चक्का टांगायचाय. हिला श्रीखंडाच्या ऑर्डरी असतात."

मी आयुष्यात श्रीखंड केलं असेल ते दोनदा, आणि दोन्ही वेळा आंबट झालं. पण खोटं जमून गेलं. चक्क्याचं गाठोडं टांगायला उंची लागते, फळ्या लागत नाहीत, आणि इथल्या हवेत बाहेर ठेवलं तर दही तासाभरात आंबतं. माझ्याकडे बघून शिरीषने डोळ्यांनीच सांभाळून घे म्हटलं. मी सांभाळून घेतलं. मला त्याची सवय आहे.

अडचण अशी झाली की शिरीषने हे एका कोकणी माणसाला सांगितलं होतं. मलबारी दुकानदार असता तर मान हलवून त्याने किंमत सांगितली असती. चक्का म्हटल्यावर कमालभाई खुर्चीतून उठलेच. त्यांच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर पाडव्याला डबा पाठवायचे, त्या श्रीखंडाचं वर्णन सुरू झालं. आता फ्रिज साहेबांचा राहिला नाही, वैनींचा झाला. सगळे प्रश्न मला. गाठोडं केवढं होतं, कापड कुठलं वापरता, हूक वरून लावून देऊ का, पाणी गळायला खाली परात केवढी लागेल. मी एकेक उत्तर देत गेले आणि प्रत्येक उत्तराबरोबर माझा धंदा वाढत गेला. शिरीष निर्धास्त मनाने माझ्या परातीचं माप घेत होता. ते त्याच्या पिंपाचं होतं.

शेवटी एक उंच पांढरा फ्रिज पसंत पडला. तळ सपाट, उंचवटा नावाला, दाराचं रबर धड. शिरीष त्याच्यावरून हात फिरवत होता, आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

तेवढ्यात कमालभाईंनी बायकोला फोन लावला. त्यांच्या मुलीचं, सुहाचं, लग्न ठरलं होतं. इथेच, डिसेंबरमध्ये, कारण मुलाकडचेही बहारीनमध्येच राहतात. मेंदीच्या दिवशी बायकांच्या जेवणात काय ठेवायचं यावरून घरात वाद चालला होता, आणि आता देवाने, म्हणजे अल्लाने, श्रीखंडवाली बाई दुकानात आणून उभी केली होती. फोन स्पीकरवर टाकला गेला. खदिजाभाभींनी माझी चौकशी केली, मुलं किती आणि कुठे असतात ते विचारलं, आणि मग अजीजीने म्हणाल्या की मेंदीला श्रीखंड-पुरीच करू या, तेवढं मनावर घ्या. फक्त एकच सांगा, डिसेंबरमध्ये इथेच आहात ना? शाळेला सुट्टी लागली की तुमची माणसं गावाला पळतात.

मी हसून सुटकेचं कारण सांगणार होते. तेच तर माझ्या हातात होतं. जूनमध्येच जातोय हो आम्ही, कायमचे. वाक्य तोंडात तयार होतं.

"आहोत ना," शिरीष म्हणाला. "डिसेंबरला इथेच आहोत. पुढच्या डिसेंबरलाही."

हे वाक्य तो थापेतलं बोलला नाही. बावीस-तेवीस वर्षांचा संसार आहे, थापा मारताना त्याचा आवाज थोडा वर चढतो, चक्का म्हणताना चढला होता. हे तो सहज बोलला, दाराचं रबर तपासत, आठवड्याचं वेळापत्रक सांगावं तसं. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात रबरावर थांबला.

भाभी दुवा देत होत्या. मी त्यांना हो हो म्हटलं आणि बाहेर आले.

बाहेर दुपार होती. समोर गॅरेज, त्याच्या शेजारी गॅरेज, आणि पलीकडून कारखान्यांचा तो वास, जो इथे कुणाला येत नाही असं सगळे म्हणतात. गाडीची किल्ली शिरीषकडे. मी इथे गाडी चालवायला शिकले नाही, थोड्या दिवसांसाठी कशाला, म्हणून. ईसा टाउनमधल्या आमच्या घरापर्यंत चालत जाता येत नाही. टॅक्सी बोलवावी तर फोन पर्समध्ये, पर्स आत खुर्चीवर. मी तिथे उन्हात उभी राहिले आणि मला आधी राग आला नाही, हसू आलं. निघून जावं असं वाटलं आणि दहा पावलांवर जायला जागा नव्हती. मग रडू आलं, चांगलं भरभरून आलं, आणि मी ते ओढणीने पुसलं.

शिरीष मागून आला. म्हणाला, सांगणारच होतो. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवलंय, व्हिसा सगळ्यांचेच रिन्यू होतील, सावनीचं कॉलेज लागेपर्यंत थांबलो होतो. या वयात पुण्यात त्याला कोण उभं करणार, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. पुण्यातल्या मुलाखतींमधून तो कसा परत यायचा ते मी पाहिलं होतं. मला त्याची कीवसुद्धा आली, आणि कीव आली म्हणून जास्त चीड आली.

"सही कधी केलीस?" मी विचारलं.

"फेब्रुवारीत."

फेब्रुवारीत सबाने खुर्चीचा फोटो पाठवला होता. मी तो सगळ्यात आधी शिरीषला दाखवला होता, आणि खुर्चीचा रंग छान आहे असं तो म्हणाला होता.

"दोनच वर्षं, स्मिता. तू इथली परीक्षा दे या वेळी. मी स्वतः फॉर्म भरतो."

मी दुकानात परत गेले, कारण सावली तिथेच होती. चहा आला होता. कमालभाईंनी माझ्यासाठी पंखा वळवला आणि विचारलं, मग वैनी, हाच बांधायला घेऊ ना?

घरी मी शिरीषला अरे-तुरे करते, परक्यांसमोर अहो-जाहो. ती रीत मी तेव्हाही मोडली नाही.

"कमालभाई, हा नको. लहान दाखवा," मी म्हटलं. "मी जूनमध्ये पुण्याला जातेय, माझ्या कामावर. हे एकटेच राहणार आहेत. चक्का वगैरे काही नाहीये. मला श्रीखंड येत नाही. भाभींना माझ्यातर्फे माफी सांगा, त्यांना मी फसवलं."

दारात शिरीष उभा होता. कमालभाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चक्का नाही तर काय, हे त्यांनी विचारलं नाही. जमिनीवरच्या फळ्यांपैकी एक उचलली, फडक्याने पुसली आणि त्या उंच फ्रिजमध्ये सरकवून बसवली. मग दुसरी उचलली.

"एकट्या माणसाला ल्हान फ्रिज नाय पुरत, वैनी," ते म्हणाले. "मी ऱ्हायलोय ना तसा, खदिजा येईपर्यंत. जुम्म्याच्या दिवशी आठवड्याचं एकदम रांधायचं आणि डबे भरून ठेवायचे. एका माणसाला मोठाच लागतो. फळ्या मात्र सगळ्या लागतात."

शिरीष पुढे आला नाही. तिसरी फळी बसेपर्यंत तो दारातच उभा होता, टेप हातात तशीच लोंबत. आत पिंपाला जागा उरली नव्हती. 

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "हाच द्या."

कमालभाईंनी टेम्पोवाल्याला हाक मारली, पत्ता लिहून घेतला, आणि रोज कुणालाही विचारावं तसं विचारलं, "माल उतरवायला घरी कोण असतंय?"

शिरीष टेप गुंडाळायला लागला. 

"जूनपर्यंत मी असते," मी म्हटलं.