बॅरनची बाही

किन्शासात ज्याचं नाव कुठल्या गाण्यात फेकलं गेलं नाही, त्याच्या जगण्याला कुणी विचारत नाही. गायक रंगात आला की मधेच यजमानांची नावं हाळी देऊन फेकतो: सिमेंटवाला, कर्नल, कर्नलची मेव्हणी. एकदा कर्नलच्या कुत्र्याचंही नाव आलं होतं. तेव्हापासून त्या कुत्र्याने असा काही भाव खाल्ला की भुंकणंच सोडून दिलं.

मुजिंगा शिंपिणीचं नाव मात्र कधीच आलं नव्हतं. मातोंगेची सगळी वस्ती तिला याया, मोठी बहीण म्हणायची. पण नुसत्या याया म्हणण्याने कुणाचं पोट भरलंय? तिच्या आईने शहरातले निम्मे गायक नटवले आणि तिचं नाव आलं ते थेट थडग्यावर, तेही नवऱ्याच्या नावाखाली, बारीक अक्षरात. मुजिंगाला ते फार सलायचं. समोरच्या पापा लांदूने शिवलेल्या विजारी बसता क्षणी उसवायच्या, पण त्याचं नाव दोन गाण्यांत होतं, म्हणून गिऱ्हाइकं त्याच्याच दारात.

म्हणून गायक बॅरन मासेला नव्या कोटासाठी आला, तेव्हा तिने स्पष्टच सांगितलं, "पैसे नकोत. रविवारच्या गाण्यात माझं नाव फेका."

"एवढंच? याया, दोनदा फेकतो!"

कोट झालाही तसाच. राफियाच्या, म्हणजे ताडाच्या पानांच्या धाग्यांच्या झालरी, खांद्यांवर कवड्या, आत मोर छापलेलं झगझगीत अस्तर. बॅरनने आरशाचा मुका घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

"शिवण पक्की आहे ना?"

"तुमच्या शब्दाइतकी," मुजिंगा म्हणाली.

मोबदला पदरात पडेपर्यंत खांद्याला मशीनची टीप मारायची नाही, नुसता कच्चा टाका घालायचा, ही तिची आईपासूनची रीत. बॅरनलाही ती ठाऊक होती. पण आरशापुढे उभ्या असलेल्या माणसाला काय आठवणार?

रविवारी दुपारी बारच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मुजिंगा पुढेच बसली होती, नेहमीप्रमाणे डोक्याच्या फडक्यात सुई खोचून. नावं सुरू झाली. सिमेंटवाला आला, कर्नल आला, कुत्रा आला. मग "पापा लांदू!" शेवटी मेव्हणीही आली, आणि नावं संपली.

"काय याया," शेजारून लांदू खिदळला, "तुझं नाव वाटेत अडकलं वाटतं!"

मुजिंगाला रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात गिटार सुसाट सुटली, अंगण नाचायला लागलं, आणि बॅरनने उजवा हात आकाशाकडे फेकला. हात वर गेला. बाही कोपरावर येऊन बसली.

त्याने ती डाव्या हाताने सावरली, तर डावा खांदाही उसवला. आत फक्त बनियन, तोही भोकांचा. बॅरनचा चेहरा पडला आणि तो माइकमध्येच किंचाळला, "याया मुजिंगा! सुई आण गं, याया मुजिंगा!"

ढोलवाल्याला वाटलं, नवं धृपद. त्याने ताल धरला, कोरसने उचललं, आणि सगळं अंगण ओरडू लागलं, "सुई आण गं, याया मुजिंगा!" लांदूलाही ओरडावंच लागलं, नाहीतर लोक काय म्हणाले असते?

मुजिंगा सावकाश मंचावर चढली. इतक्या वर्षांनी आलेलं नाव, ते काय धावतपळत ऐकायचं? तिने सुई काढली, दोरा ओवला आणि बॅरनच्या खांद्याशी उभी राहिली.

"आता तरी पक्का घाल," तो दात आवळून पुटपुटला.

"घालते की. आधी अजून एक नाव. काबेदी. माझी आई. सुटं घ्या, नवऱ्याशिवाय."

सुई मानेपासून फार लांब नव्हती. बॅरनने अशी हाळी दिली, की कर्नलचा कुत्रा भुंकला.

मुजिंगाने डोळे पुसले, दोऱ्याला गाठ मारली आणि तो दाताने तोडला.